नववीच्या वर्गातले डावे हात

माझ्या इंग्रजीच्या तासाला मी प्रश्न विचारला की सगळा वर्ग हात वर करतो. सगळा म्हणजे अगदी शेवटच्या बाकापर्यंत. भेटीला आलेले साहेब दारातच थबकतात, मुख्याध्यापकांकडं बघून मान हलवतात आणि जाताना मला म्हणतात, "सर, वर्ग लई तयार केलाय तुम्ही." मी खाली बघून हसतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

खरी गोष्ट अशी आहे की ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा आणि ज्याला येत नाही त्यानं डावा. खाली कुणीच ठेवायचा नाही. मी विचारतो फक्त उजव्या हातवाल्यांना. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मी पोरांना हेच शिकवतो, धडा त्यानंतर. युक्ती माझी नाही. एका प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेल्या शिक्षकानं भाकरी कुस्करता कुस्करता ती मला सांगितली होती. पण त्यानं सांगितली म्हणून मी सुटत नाही. वापरली मी. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वर्गावर वापरली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरात मला घुम्या म्हणतात, ते काही खोटं नाही. आत्ताही एवढं लिहून दोनदा उठलो, अंगणात जाऊन आलो, मोटारसायकल उगीच पुसली. पण यंदा दिवाळीच्या आगेमागे जे झालं ते लिहून काढल्याशिवाय माझं बूड खुर्चीला टेकायचं नाही.

मी पाटोद्याकडच्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. तास सुरू होण्याची पद्धत ठरलेली आहे. मी आत गेलो की पोरं उभी राहतात आणि एका सुरात गुड मॉर्निंग सर म्हणतात, मग तास दुपारचा का असेना. फळ्यावर तारीख पडते. मी धड्यातली एक ओळ वाचतो, वर्ग माझ्यामागं म्हणतो, मी तिचा मराठीत अर्थ सांगतो, पुढची ओळ. धडा संपला की प्रश्न, मग हात, मग एखाद्या उजव्या हाताचं उत्तर. ते मी नीटनेटकं करून फळ्यावर लिहितो आणि तेच सगळ्यांच्या वहीत उतरतं. वह्या तपासायला घेतल्या की पहिली तपासली काय आणि शेवटची तपासली काय, मजकूर तोच.

मुख्याध्यापकांना वर्ग बोलका दिसायला हवा असतो. संस्थेच्या अध्यक्षांना पाहुण्यांपुढं मिरवायला काहीतरी हवं असतं. आईबापांना आपलं पोर इंग्रजीला घाबरत नाही एवढंच बघायचं असतं. आणि पोरांना हवं असतं की सरांनी आपल्याला उठवू नये. त्या हातांनी सगळ्यांचं समाधान केलं. माझंही.

डावा हात वर करणाऱ्यांचं एक कसब असतं बरं का. काही पोरं डावा हात अशा जोरात वर करतात की बाकावरून अर्धी उठतात. बोटं वाजवतात, "सर मी, सर मी" करतात. ठाऊक असतं ना, की सर काही विचारत नाहीत. एका पोराचा उजवा हात चिंचेवरून पडून मोडला होता. प्लास्टर निघेपर्यंत त्याला एकही प्रश्न गेला नाही. नंतर तो मला म्हणाला, "सर, लई आराम होता बगा." वर्ग हसला. मीही हसलो.

तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसायची. तिचं घर मेंढरांमागचं. दिवाळी झाली की आईबाप कळप घेऊन खाली माजलगावच्या अंगाला उतरतात. तिकडं धरणाच्या पाण्यावर ऊस असतो, तोडणी झालेल्या रानात मेंढरांना वाढं-पाला मिळतो, शेतवाले लेंडीखतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. पावसाळ्याच्या तोंडाला ते वर येतात. तेवढे महिने ही मामाकडं राहून शाळा करायची. आठवीपासून माझ्या वर्गात होती. शांत, नीटस. हात नेहमी वर. नेहमी डावा.

यंदा मुख्याध्यापकांच्या डोक्यात आलं की दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना बोलवायचं आणि तास चालू असताना वर्ग दाखवायचा. माझ्या तासाला बरेच पालक आले. मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मुलीचा बाप आत आला नाही. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वहाणा काढाव्यात की नाही या विचारात तो बाहेर व्हरांड्यातच खिडकीशी थांबला. धडा पुरात माणसं पलीकडं नेणाऱ्या एका म्हाताऱ्या नावाड्याचा होता. पैलतीराला पोचूनही तो परत का फिरतो, असे प्रश्न. मी विचारत गेलो, हात वर होत गेले, उत्तरं येत गेली. पालकांमध्ये कुजबुज झाली, टाळ्याही वाजल्या.

तास संपल्यावर तो व्हरांड्यात माझी वाट बघत उभा होता.

"सर, रामराम. मी तिचा बाप."

"हो, ओळखलं की. या ना, बसा."

"बसत न्हाई. एक इचारायचं होतं." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या पोरीनं हर सवालाला हात वर केला. मी खिडकीतून बगत होतो. एक बी सवाल सोडला न्हाई तिनं."

मी हातावरची खडूची पूड झटकली.

"तुमी तिला एकदा बी उठवलं न्हाई. कावून?"

असा प्रश्न माझ्या एवढ्या नोकरीत मला कुणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, पालकांनी नाही. सगळ्यांना वर गेलेले हात दिसले. त्याला एकच हात दिसला, आपल्या पोरीचा, आणि त्या हाताकडं मी बघितलं नाही हेही दिसलं.

"सगळ्यांना आळीपाळीनं विचारावं लागतं," मी म्हणालो. "वर्ग मोठा आहे."

"मागच्या बाकावरच्या त्या जाड पोराला तीनदा इचारलं की."

"ते... तसं नाही, भाऊ."

"मेंढरामागचे हाईत म्हणून का?"

"छे छे! काय बोलताय!"

"मंग कावून?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिला उत्तर येत नव्हतं आणि मीच तिला डावा हात वर करायला शिकवलंय, एवढी दोन वाक्यं. पण मागून पालक बाहेर येत होते, मुख्याध्यापक एका पुढाऱ्याशी हसत बोलत होते. मी पुन्हा म्हणालो, "आळीपाळीनं."

"बरं," तो म्हणाला. "थोरलीचं लगीन झालं यंदा. कोकरं संबाळायला कुनी न्हाई. मी म्हणत होतो, शिकतीया तर शिकू द्यावं, मामाकडं ठिवावं. पण जिथं हात वर करून बी कुनी इचारत न्हाई, तिथं ठिवून काय करू?"

काठी टेकत तो गेला. मी स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्यालो. चहा प्यालो, हे लिहायला हवं.

सुट्टीनंतर तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी होती. दोन दिवसांत शेजारच्या मुली सरकून बसल्या आणि जागाही दिसेनाशी झाली. हजेरी घेताना तिच्या नावाला कुणीतरी सांगायचं, "सर, ती गेली मेंढराकडं." मी पुढचं नाव घ्यायचो.

पण मला तास घेता येईना. प्रश्न विचारला की ते सगळे हात वर जायचे आणि माझी नजर पहिल्यांदा डाव्या हातांवर जायची. आधी कधी जायची नाही. उजव्यांकडून उत्तर घ्यायचो आणि काय उत्तर आलं ते कानावर पडायचं नाही. घरी जेवताना उठायचो. बायको म्हणाली, "काय ढेकूण चावतात का ताटावर? सारखं उठबस." काही नाही म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही, तिला सवय आहे. एकदा भाजी आणायला म्हणून निघालो आणि गावाबाहेरच्या फाट्यावर बराच वेळ गाडी लावून उभा राहिलो. कुठं जायचं होतं ते मला ठाऊक होतं. जात नव्हतो.

शेवटी एका रविवारी निघालो. मुलीच्या मामाकडून बापाचा फोन नंबर घेतला होता, पण फोनवर काय बोलणार? मांजरसुंबा, पाली, बीड आणि तिथून माजलगावचा रस्ता. उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं गाडी हळू चालवावी लागत होती आणि मला ते बरं वाटत होतं. तीन ठिकाणी चहाला थांबलो. तिसऱ्या टपरीवर विचारलं तेव्हा चहावाला म्हणाला, "पाटोद्याकडची मेंढरं ना? कालव्याच्या खाली बसलीत बगा. पांढरा घोडा दिसंल." घोडा दिसला. तोडलेल्या उसाच्या रानात जाळी लावलेली, आत कोकरं. एका बाजूला तीन दगडांची चूल आणि तिच्यापाशी मुलगी. मला बघून ती उभी राहिली आणि तोंडातून निघून गेलं, "गुड मॉर्निंग सर." दुपार झाली होती.

बापानं पोतं अंथरलं. आई म्हणाली, "सरांना च्या टाक गं." मला आता चहा नको होता, पण नाही म्हणता आलं नाही.

मी सांगितलं. फार लांबण न लावता. उजवा कशासाठी, डावा कशासाठी, कुणाला विचारतो, कुणाला नाही. मेंढरांमागचे म्हणून नाही, तिचा हात डावा होता म्हणून. आणि डावा वर करायला मीच शिकवला. बोलताना मला वाटत होतं की अंगावरचं ओझं उतरेल. उतरत होतंही. तेवढ्यात माझं लक्ष मुलीकडं गेलं.

तिचा चेहरा लाल झाला होता. चहाचं पातेलं तिनं चुलीवरून उचललं ते तसंच हातात धरून उभी होती.

बाप तिच्याकडं वळला. "खरं हाय?"

तिनं पायानं चुलीतलं लाकूड मागं सरकवलं.

"तू तर म्हणत होतीस, मला समदं येतंय, सरच इचारत न्हाईत."

"सर, तुमी कावून सांगितलं?" ती माझ्याकडं बघून म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "तुमचं तुमच्यापाशी ठिवायचं ना. मला कावून मधी आणलं?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. एवढे दिवस मी माझ्या खोट्याचा विचार करत होतो. तिनंही त्याच खोट्यावर आपलं काही बांधलं होतं, आईबापापुढं मान ताठ ठेवली होती आणि मी येऊन पोत्यावर बसून ते मोडलं. मोकळा मी झालो आणि शरमेनं खाली बघत होती ती.

"कदी कदी येत होतं मला," ती म्हणाली. आता आईशी बोलत होती. "पण उजवा केला की उठवत्यात. उभं राहिलं की जीभ अडकती. डाव्याला कुनी काय म्हणत न्हाई. मंग मी डावाच करायची."

आईनं तिच्या हातातलं पातेलं घेतलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हंजी डावा हात शिकवायचा बी पगार भेटतो व्हय?"

बापानं जाळीतून बाहेर आलेलं एक कोकरू आत ढकललं. मग म्हणाला, "सर, हितं आमच्या चुलीपाशी सांगितलं. हितं कोन हाय ऐकायला? मेंढरं. त्या दिवशी तुमच्या शाळेत समद्यांनी टाळ्या वाजवल्या की न्हाई? तितं सांगा. वर्गात. मी येऊन हुबा राहतो. मंग ठरवतो, पोरगी ठिवायची का न्हाई ते."

"येतो म्हणताय?"

"भावाला मेंढराकडं ठिवतो एक दिस. तुमी सांगनार का, ते बोला."

मी हो म्हणालो. परत येताना किती वेळा वाटलं की तो येणार नाही. कळप सोडून एवढ्या लांब कोण येतं. यावं असंही वाटत होतं आणि न यावं असंही. बीडमध्ये गाडी पंक्चर झाली तेव्हा दुकानदाराशी उगीच भांडलो.

तो आला. सकाळच्या एसटीनं, मुलीला घेऊन. या वेळी वहाणा बाहेर काढून आत आला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला, घोंगडी खांद्यावरच. मुलगी आपल्या बाकावर गेली. शेजारच्या मुली पटकन सरकल्या. तिनं दप्तर आणलं नव्हतं.

मुख्याध्यापकांना मी आधी काही बोललो नव्हतो. बोललो असतो तर त्यांनी थांबवलं असतं आणि मी थांबलो असतो.

गुड मॉर्निंग झालं. सिट डाऊन झालं. तारीख लिहायला खडू उचलला आणि परत ठेवला.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो. "उजवा हात आणि डावा हात हे मी चुकीचं शिकवलं. लोकांना वाटावं की सगळ्या वर्गाला येतं, म्हणून. त्यात ज्यांना येत नव्हतं त्यांना मी शिकवायचं सोडून दिलं. डावा हात दिसला की मी पुढं जायचो. ते काही शिकवणं नव्हतं."

मग मागून एक आवाज आला, "सर, आमाला माहीत हाय की ते." आणि वर्ग हसायला लागला. खोडसाळ हसणं नव्हतं ते. अहो, त्यांना त्यात नवीन काय होतं? ती तर रोज त्यातच बसत होती. एक पोरगं म्हणालं, "सर, मंग आता डाव्यानं काय करायचं?"

"खाली ठेवायचा," मी म्हणालो. "ज्याला येतं त्यानंच हात वर करायचा. कोणताही."

मी नावाड्याचाच प्रश्न विचारला, जो त्या दिवशी पालकांपुढं विचारला होता. ज्याचं उत्तर सगळ्यांच्या वहीत होतं, माझ्या शब्दांत. तो परत का फिरला?

चार-पाच हात वर गेले. ते जाड पोरगं, पुढच्या बाकावरच्या दोघी, आणखी एक-दोघं. बाकी वर्ग हात मांडीवर ठेवून बसला होता. इतके हात खाली मी माझ्या वर्गात कधी बघितले नव्हते. पंख्याचा आवाज येत होता. दाराशी कुणाची तरी सावली पडली, मुख्याध्यापक होते. मी तिकडं बघितलं नाही. मुलीचा हातही खालीच होता. ती बापाकडं बघत नव्हती, बाकाच्या कडेला नखानं काहीतरी खरवडत होती.

बाप भिंतीपासून दोन पावलं पुढं आला. वर्गावरून त्यानं नजर फिरवली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.

"बाकीच्यांला येत न्हाई?" त्यानं मला विचारलं.

"नाही."

"ह्या समद्यांला?"

"हो."

"मंग माझी एकटीच न्हाई."

तो पुन्हा म्हणाला, या वेळी मुलीला, "तू एकटीच न्हाईस की गं." आणि पहिल्यांदा हसला, जरासा. तिनं मान वर केली.

"बस हितंच," तो तिला म्हणाला. "दप्तर मामाकडं पाठवून देतो."

"आनि कोकरं?"

"कोकरांचं बगू. तुझ्या आईला सांगतो मी."

तो बाहेर पडला. वहाणा घालायला वाकला तेव्हा मीही मागोमाग गेलो. मुख्याध्यापक वाटेतच उभे होते. "सर, तुम्हाला काय गरज होती हो हे?" ते हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या आठवड्यात साहेबांची भेट आहे. माझ्या खोलीत या, आत्ता." मी येतो म्हणालो आणि पुढं गेलो. नंतर त्यांच्या खोलीत काय झालं ते झालं, ते अजून मिटलेलं नाही.

फाटकापाशी मी बापाला गाठलं. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. माफी मागायची होती बहुतेक, पण ती पुन्हा माझीच सोय झाली असती, हे त्या चुलीपाशी थोडंफार कळलं होतं. "स्टँडपर्यंत येतो," एवढंच म्हणालो.

"कशाला?" तो म्हणाला. "तुमी लई वंगाळ केलं, सर. लेकराला लपायची जागा करून दिली. माझ्या मनातून ते जाणार न्हाई." मग फाटकाची कडी काढत म्हणाला, "पण आता माझ्यामागं कावून येताय? तासाला जा. पोरं तशीच बसलीत."

मी परत फिरलो. मुख्याध्यापकांच्या खोलीवरून पुढं गेलो आणि वर्गात शिरलो. पोरं खरंच तशीच बसली होती, हात खाली. मी पुस्तक उघडलं आणि नावाड्याचा धडा पहिल्या ओळीपासून घेतला.